रोज दुखणारी कंबर आणि रोजची कामं : वाचकांचे प्रश्न

कंबरदुखीवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं. सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत द्राक्षबाग, गोठा, यंत्रमाग, बँकेतली खुर्ची, दुचाकी असं सगळंच आहे. इथं घेतलेले बहुतेक प्रश्न तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याचे आहेत. असं दुखणं एखाद्या गोळीनं किंवा इंजेक्शननं कायमचं जात नाही. दिवसभरात आपण कसं उठतो, वाकतो, उचलतो, किती वेळ एकाच जागी राहतो, यावर ते पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून उत्तरंही त्याच तपशिलात दिली आहेत. विट्याच्या वाचकाला दिलेलं उत्तर मात्र सर्वांनीच वाचावं. लगेच डॉक्टर गाठावा अशी लक्षणं कोणती, ते त्यात आहे.

प्रश्न : सकाळी उठताना कंबर धरलेली असते. पंधरा-वीस मिनिटं सरळ उभं राहता येत नाही, मग कामात मोकळी होते. पण उठल्याबरोबर अंगण झाडणं, शेण काढणं, धार काढणं चुकत नाही. काय करू? (महिला, ४६, तासगाव तालुका)

मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर आडवं राहिल्यामुळं पाणी शोषून फुगतात. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते, आणि तुमचं सगळ्यात जास्त वाकण्याचं काम नेमकं त्याच वेळी असतं. उठून चालू-फिरू लागल्यावर पहिल्या तासाभरात हा फुगवटा बराच उतरतो. तेव्हा कामं कमी करू नका, त्यांचा क्रम बदला. पहिला तास चहा, स्वयंपाकाची तयारी, जनावरांना वैरण अशी उभ्यानं होणारी कामं घ्या आणि झाडलोट, शेण त्यानंतर. अंगणाच्या खराट्याला छातीपर्यंत येईल एवढा बांबू बांधा. शेणासाठी लांब दांड्याचं फावडं वापरा आणि घमेलं निम्मंच भरा. खेपा वाढतील, पण चालण्यानं कंबर बिघडत नाही.

धारेची वेळ डेअरीच्या हाती असते, ती पुढं ढकलता येणार नाही. मग उकिडवं बसण्याऐवजी वीतभर किंवा थोडा जास्त उंच पक्का पाट घ्या. जनावराच्या इतकं जवळ बसा की कोपर अंगापासून लांब जाणार नाहीत. बादली दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये हवी. ती बाजूला ठेवली की धड पिळलं जातं, आणि वाकून पिळणं हीच कंबरेला सगळ्यात न मानवणारी हालचाल आहे.

अंथरुणातून झटक्यानं सरळ उठून बसू नका. आधी पाठीवर पडूनच दोन्ही गुडघे दुमडा आणि दहा वेळा हळूहळू डावीकडं-उजवीकडं झुलवा. मग पूर्ण कुशीवर वळा. पलंग असेल तर पाय खाली सोडत सोडत कोपर आणि तळहातानं धड वर ढकला. जमिनीवर झोपत असाल तर कुशीवरून चार पायांवर या, एक पाऊल पुढं रोवा आणि भिंतीचा किंवा स्टुलाचा आधार घेऊन उठा.

एक सूचना इतर वाचकांसाठी, विशेषतः चाळिशीच्या आतल्यांसाठी. सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, पहाटे दुखण्यानं जाग येत असेल, विश्रांतीनं वाढून हालचालीनं कमी होत असेल, तर हा मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर बराच फायदा होतो. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. छाटणी आणि विरळणीच्या दिवसांत हात वर करून आणि फवारणी-तोडणीच्या वेळी ओझ्यानं कंबर जाते. दोन दिवस बरं वाटलं की साचलेलं काम एकदम उरकतो आणि मग चार दिवस पडून राहतो. (पुरुष, ५१, पलूस तालुका)

तुमच्या शेवटच्या वाक्यात रोगाचं मूळ आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू. जुनाट कंबरदुखीत सर्वाधिक नुकसान करणारी सवय हीच : बरं वाटेल त्या दिवशी सगळं, दुखेल त्या दिवशी काहीच नाही. यात दुखणं मालक होतं आणि पडून राहण्याच्या दिवसांत स्नायूंची ताकद घटत जाते. काम कधी थांबवायचं ते घड्याळानं ठरवा. तीन-चार दिवस नोंद करा की विरळणी सुरू केल्यापासून किती मिनिटांनी दुखणं चढायला लागतं. समजा चाळीस मिनिटांनी चढतं, तर तीस मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की घड अर्धा राहिला तरी थांबा, तीन मिनिटं चाला, मग पुन्हा तीस मिनिटं. कंबर ठीक असली तरीही थांबायचं. हे सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात उपयोगी पडतं. एक आठवडा निभावला की तीसचे तेहतीस करा. त्याहून मोठी उडी नको.

हात डोक्यावर गेले की कंबरेची कमान वाढते आणि मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर भार येतो. घड छाती ते डोळे या टप्प्यात येईल इतक्या उंचीवर उभं राहा. त्यासाठी पालथा क्रेट चालत नाही, तो कलंडतो. रुंद पायाचा लाकडी घोडा करून घ्या. एक पाय वीटभर उंचीवर ठेवला की कमान आपोआप कमी होते. ओळ बदलली की पाय बदला. प्रत्येक थांब्याला झालेल्या कामाच्या उलट हालचाल करा. वर हात करून काम झालं असेल तर तळवे गुडघ्यांवर टेकून पाठ गोल करा. वाकून काम झालं असेल तर तळवे कंबरेवर ठेवून पाचदा मागं झुका.

आता ओझं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागं असतात, म्हणजे त्यांना फार तोकड्या तरफेनं उचलावं लागतं. २० किलोचा क्रेट मणक्यापासून ४० सेंटिमीटरवर धरला तर तो पेलायला स्नायूंना सुमारे १६० किलोचा जोर लावावा लागतो. तोच क्रेट पोटाला चिकटवून २० सेंटिमीटरवर आणला तर ८० किलोचा. धडाचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. वजन कमी न करता भार निम्मा होतो, म्हणून आधी क्रेट ओढून पायांशी आणा आणि मगच उचला. गाडीत ठेवताना कंबरेतून न वळता पावलं वळवा. भरलेले क्रेट जमिनीवर न ठेवता दोन रिकाम्या क्रेटच्या थरावर ठेवायची पद्धत पाडली तर खालून उचलणंच टळतं.

पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाचं भरल्यावर वजन वीस किलोच्या आसपास जातं. दहा लिटरच भरा. पंप मांडीएवढ्या उंच कट्ट्यावर ठेवून पट्ट्यांत हात घाला आणि दोन्ही पट्टे इतके आवळा की टाकी पाठीला चिकटून बसेल. सैल पंप प्रत्येक पावलाला मागं ओढतो.

प्रश्न : बँकेत आठ तास बसून काम, शिवाय विश्रामबाग ते मिरज दुचाकीनं जाणं-येणं. महागडी खुर्ची घेतली तरी फरक नाही. नेमकं कसं बसावं? (पुरुष, ३८, सांगली)

दिवसभर टिकणारी अशी कोणतीच बैठक नाही. उत्तम खुर्चीतही एकाच स्थितीत तासभर बसलं की दुखणारच. दर तीस मिनिटांनी एक मिनिट उभं राहा. त्यासाठी पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नका, छोटा पेला ठेवा. तो भरायला उठावं लागेल. फोन आला की उभ्यानं बोला. ग्राहक समोर असताना उठता येत नसेल तर निदान खुर्चीच्या टोकावर येऊन दहा सेकंद पाठ ताणा.

खुर्चीची मांडणी एकदाच नीट करा. तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत, गुडघे कुल्ह्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावेत. टॉवेलची आठ-दहा सेंटिमीटर जाडीची गुंडाळी पट्ट्याच्या रेषेवर, पाठीच्या खोलगट भागात ठेवा. ती खाली कुल्ह्यांशी सरकली तर माणूस पुढं घसरतो आणि उपयोग उलटा होतो. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर हवी.

दुचाकीवर त्रास धक्क्यांचा. गतिरोधक किंवा खड्डा दिसला की वेग कमी करा आणि पावलांवर जोर देऊन बूड सीटपासून किंचित उचला, म्हणजे धक्का गुडघे झेलतात. टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा; जास्त भरली की प्रत्येक खडा कंबरेला कळतो. बॅग एका खांद्यावर लटकवू नका.

आणि चाला. ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या लोकांना सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटं चालण्यापर्यंत नेलं. त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटात ११२. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आमराईतल्या फेऱ्या किंवा कृष्णेच्या काठचा रस्ता, जिथं रोज जाणं होईल ती जागा चांगली.

प्रश्न : एमआरआयमध्ये एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ ला 'डिस्क बल्ज' लिहिलंय. गादी सरकली, आता आयुष्यात वाकू नका, कायम पट्टा लावा असं सांगितलं गेलं. भीतीनं मी नातवालाही उचलत नाही. (महिला, ५५, मिरज)

नातवाला उचलता यावं, असंच आपलं उद्दिष्ट ठेवू.

एल-४, एल-५, एस-१ ही कंबरेच्या तळाच्या मणक्यांची नावं, आणि 'डिस्क बल्ज' म्हणजे त्यांच्यामधली चकती (लोक जिला गादी म्हणतात) फुगलेली दिसणं. कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढून तपासले गेले आहेत. पन्नाशीच्या अशा लोकांत दर शंभरातल्या सुमारे ८० जणांच्या चकत्या झिजलेल्या आणि ६० जणांच्या फुगलेल्या दिसतात. विशीतही झीज ३७ टक्क्यांत आढळते. म्हणजे रिपोर्टातले हे शब्द वयानुसार येणाऱ्या बदलांचे आहेत, दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही. चकतीचा भाग खरोखर बाहेर आला असला तरी तो बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. पायातली ताकद कमी होत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नको.

कायम पट्टा लावण्याचा सल्ला आम्हाला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती देण्यावर भर आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे. पट्ट्यानं धीर वाटतो हे खरं, पण 'माझी कंबर मोडकी आहे' ही समजूतही त्याबरोबर घट्ट होते. सध्या लावत असाल तर एकदम टाकू नका. घरात असताना रोज एक तास कमी करत जा.

वाकणं पुन्हा शिकायचं आहे. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याच्या मागं, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून बूड मागं न्या, जणू मागचं दार बुडानं लोटायचं आहे. तिन्ही ठिकाणचा स्पर्श टिकेल तेवढंच वाका. रोज दोन वेळा दहा-दहा. हे जमल्यावर दांडा सोडून टेबलावरची दोन किलोची पिशवी उचला, आठवड्यानं स्टुलावरची, मग जमिनीवरची. मग पाच किलो. पुढं नातवाला आधी पलंगावर उभं करून उचला. तो छातीशी असेल तर निम्मं काम झालं.

प्रश्न : मोबाइलवर बघून व्यायाम करते, पण ते करूनच दुखतं. कोणते आणि किती करावेत? (महिला, ४२, कवठेमहांकाळ)

बहुधा तुम्ही पोटासाठी उठून बसण्याचे किंवा पायाचे अंगठे धरण्याचे व्यायाम करत असाल. ते काही काळ बंद ठेवा. चार पुरेत, आणि रोज पंधरा मिनिटं. उठल्यावर लगेच करू नका.

आधी मार्जारासन, म्हणजे हात आणि गुडघे टेकून मांजरासारखं, सहा ते आठ वेळा. ताण द्यायचा नाही, फक्त पाठ वर-खाली हलवायची. मग सेतुबंधासन : पाठीवर झोपून गुडघे दुमडा, टाचा बुडापासून वीतभर अंतरावर, आणि बूड उचला. मांडीच्या मागं गोळा येत असेल तर टाचा आणखी जवळ घ्या. जोर बुडाच्या स्नायूंत जाणवला पाहिजे, कंबरेत नाही.

तिसरा चार पायांवर : उजवा हात आणि डावा पाय जमिनीला समांतर लांब करा. पाय उंच नेला की कंबर खाली झोळते, ही नेहमीची चूक. कंबरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून पाय उचला. चौथा कुशीवर : कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे दुमडलेले, कोपर आणि गुडघ्यांवर कुल्हे उचला. खांदा दुखत असेल तर हाच व्यायाम उभ्यानं भिंतीला कोपर टेकून करा.

शेवटच्या तिन्हींत आठ ते दहा सेकंद थांबायचं. तिसऱ्या-चौथ्याला दोन्ही बाजूंनी पहिल्या फेरीत पाच, मग तीन, मग एक वेळा. सेतुबंधाला एकूण दहा. श्वास कोंडू नका, मोठ्यानं आकडे मोजलेत तर तो कोंडला जात नाही. वाढवायचंच तर आकडा वाढवा, सेकंद नको.

थोडं दुखणं चालतं. शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आलं तर चालू ठेवा. त्यापुढं गेलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. कळ कंबरेतून मांडी, पोटरी अशी खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पायातली कळ वर सरकून कंबरेतच गोळा होत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती सुधारणा समजा. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो.

प्रश्न : आईचं वय ६८. घागर उचलताना पाठीत कट्कन झालं, तेव्हापासून तीन आठवडे वरच्या पाठीत दुखतंय. पोक आल्यासारखं वाटतं. तुमचे व्यायाम द्यावेत का? (पुरुष, ४०, विटा)

नाही. आधी एक्स-रे काढा. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात आणि एवढ्याशा कारणानं मणका चेपू शकतो. तसं असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी आणि औषध दोन्ही लागतात, नाहीतर पुढचा मणका चेपतो. तोवर पुढं वाकणं, ओझं आणि मालिश बंद. मणका बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तर आईंची पाठ देऊच नका.

दुसरीही लक्षणं ध्यानात ठेवा. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, भूक मंदावणं आणि रात्री आडवं पडल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावाच लागतो. आपल्याकडं तो दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो. आधी कर्करोग झालेला असणं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेलं असणं, पडून मार लागलेला असणं, या परिस्थितीतही घरगुती उपाय करत बसू नका.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले किंवा पाऊल उचलता न येता चप्पल गळून पडू लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. रात्र असेल तर रात्रीच. १०८ ला फोन करा. नसांच्या जुडग्यावर दाब आला असेल तर काही तासांच्या उशिरानं लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : सगळं पाळूनही दोन-तीन महिन्यांनी उसण भरतेच. डॉक्टर म्हणतात ताण घेऊ नका. म्हणजे दुखणं मनाचं आहे का? (महिला, ३५, जत)

दुखणं खरं आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका. पण झोप अपुरी झाली, घरात काळजी असली की मज्जासंस्था जास्त जागरूक होते आणि कंबरेवरच्या तेवढ्याच भाराला जास्त दुखतं. उसण भरण्याआधीचे चार दिवस एकदा लिहून पाहा. झोप किती झाली, लग्नघर होतं का, लांबचा एसटी प्रवास होता का. कारण बऱ्याचदा तिथं सापडतं.

उसण भरली की पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, कुल्हे आणि गुडघे काटकोनात. दहा मिनिटं, दिवसात चार-पाच वेळा. मधल्या काळात दर तासाला घरातल्या घरात तीन-चार मिनिटं चाला. दोन दिवसांहून जास्त अंथरूण धरू नका. तिसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्मं काम आणि निम्मे व्यायाम, आणि आठवडाभरात पूर्ण. दर दोन-तीन महिन्यांनी येणारी उसण आता चार दिवसांत उतरत असेल, पूर्वी दहा लागत असतील, तर तुमचं चाललंय ते बरोबर आहे.

थोडक्यात विचारलेले

*फळीवर झोपावं का?* नको. २००३ मध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं. कापसाची गादी चांगलीच, पण मध्ये खड्डा पडला की पिंजून घ्या. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली.

*दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली तर?* घेऊ नका. पोटात अल्सर, मूत्रपिंडावर परिणाम, वाढता रक्तदाब हे तिन्ही धोके आहेत. उसण भरल्यावर तीन-चार दिवस, तेही डॉक्टरांना विचारून.

*शेक की बर्फ?* जुन्या दुखण्याला शेक. पंधरा ते वीस मिनिटं, पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये टॉवेल ठेवून. गरम पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका. मधुमेह असेल तर चटका लवकर कळत नाही आणि फोड येतात. पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा.